फुटबॉल क्लबचे नवे मालक आणि जुने गिऱ्हाईक

व्यापाराच्या पानावर फुटबॉलचे काय काम, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. खेळाशी संबंध आला तो एवढाच की, शाळांच्या क्रीडा स्पर्धांच्या दिवसांत टी-शर्ट आणि हाफ पँटची मागणी येते. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या राज्यात आणि राज्याबाहेर फुटबॉल क्लबांचे जे व्यवहार झाले, ते पाहता हा विषय खेळाच्या पानापेक्षा आपल्या पानाला अधिक जवळचा आहे असे मला वाटते. चालू दुकान विकले जाते तेव्हा नेमके काय विकले जाते आणि घेणाऱ्याच्या हाती नेमके काय येते, हा तो प्रश्न आहे. त्याचा हिशेब आपल्यापैकी पुष्कळांनी एकदा तरी मांडलेला असतो. मी तर तो चुकीचा मांडला होता. ते पुढे सांगतो.

माझ्या बहिणीचा मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहे. बिडकीनला आमच्याकडे क्रिकेटशिवाय कोणाला दुसरे काही सुचत नाही. हा मात्र पुण्याकडे राहून फुटबॉलचा झाला. सुटीच्या दिवशी बसा बदलून बालेवाडीला जायचा, नारिंगी टी-शर्ट घालून 'ऑरेंज आर्मी' म्हणवणाऱ्या पोरांत उभा राहून नव्वद मिनिटे ओरडायचा आणि रात्री उशिरा खोलीवर परतायचा. २०१९ च्या सप्टेंबरात घरी आला तो गप्प. मी विचारले, "काय रे बेटा, काय झाले?" म्हणाला, "मामू, टीम गेली." मी म्हटले, "हरली का?" "हरली असती तर परवडले असते. हैदराबादला गेली."

मला आधी हसू आले. संघ काय ट्रकमध्ये भरून नेतात? पण त्याने सगळी हकीकत सांगितली तेव्हा कळले की, जवळजवळ तसेच झाले होते. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा संघ वाधवान समूह आणि अभिनेते हृतिक रोशन यांच्या मालकीत उभा राहिला. इटलीच्या फिओरेंतिना क्लबशी भागीदारी जाहीर झाली, फ्रान्सचा ट्रेझेगे आणि रुमानियाचा मुटू यांच्यासारखे मोठ्या नावाचे, पण उतरत्या वयाचे खेळाडू आले. पहिली तीन वर्षे संघाचे काही जमले नाही. २०१७-१८ च्या हंगामात तो प्रथमच उपांत्य फेरीत गेला आणि बंगळुरूकडून दोन सामन्यांत मिळून ३-१ असा हरला. तिथून पुढे आता चांगले दिवस येतील असे पोरांना वाटत होते. पण वाधवान समूहाची डीएचएफएल ही गृहकर्जाची कंपनी २०१८ च्या शेवटी गोत्यात आली. २०१९ च्या नोव्हेंबरात तर रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळच बरखास्त केले. त्याच्या तीन महिने आधी, ऑगस्टच्या अखेरीस, पुण्याचा क्लब बंद झाला होता. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली. बरेचसे खेळाडू आणि इंग्रज प्रशिक्षक फिल ब्राऊनसुद्धा तिकडे गेले. नारिंगी टी-शर्ट मात्र पुण्यात राहिले.

एका ओळखीच्या गृहस्थांनी भाच्याला समजावले की, अरे, हैदराबाद काय परके आहे? आपल्या आजोबांच्या काळी हीच तर राजधानी होती. गोष्ट खरी आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि फुटबॉलच्या बाबतीत तर हैदराबादचे नाव पुण्यापेक्षा कितीतरी मोठे. सय्यद अब्दुल रहीम साहेबांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्याच रहीम साहेबांच्या शिकवणीत भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. पण हे सांगून पोराचे समाधान झाले नाही आणि होणारही नव्हते. तो फुटबॉल बघायला जात नव्हता. तो पुण्याचा फुटबॉल बघायला जात होता. तुमच्या दारातली मशीद-मंदिराजवळची चहाची टपरी बंद झाली तर तुम्हाला शेजारच्या जिल्ह्यातल्या चांगल्या हॉटेलचा पत्ता देऊन काय उपयोग?

पुण्यापुरते बोलायचे तर हे पहिलेच प्रकरण नव्हते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्सचा वरिष्ठ संघ २०१७ नंतर दिसला नाही. मुंबईत महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये समूहाने तो संघ मिटवला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ असे सांगितले. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. गोव्यात पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवणारा डेम्पो आणि त्याच्याबरोबर साळगावकर व स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. आपल्या धंद्यातले उदाहरण हवे असेल तर पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिलचे घ्या. कापड गिरणीचा संघ. १९९६-९७ ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग याच संघाने जिंकली. २०११ मध्ये गिरणीने संघ बंद केला. खर्च होतो त्या मानाने लोकांच्या नजरेत नाव येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आता एक गोष्ट मी व्यापारी म्हणून प्रामाणिकपणे कबूल करतो. या मालकांना शिव्या देणे सोपे आहे. भारतात फुटबॉलचा संघ चालवणे हा आजवर तोट्याचा व्यवहार राहिला आहे. लीगला दरवर्षी कोट्यवधींची फी द्यायची, परदेशी खेळाडूंचे पगार, विमान, हॉटेल, मैदानाचे भाडे; आणि समोर आवक किती, तर थोडी तिकिटे, थोड्या जाहिराती. असा गल्ला घेऊन आपल्यापैकी कोणी दोन वर्षेही दुकान उघडे ठेवणार नाही. बरे, लीगचेही काही खरे नाही. महासंघाचा व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरात संपला आणि २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक मंडळींनी २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले होते. त्यांच्या हाताखाली मुंबईने २०२०-२१ आणि २०२३-२४ असे दोनदा लीगचे विजेतेपद मिळवले. तेही २०२५ च्या डिसेंबरात भाग सोडून निघून गेले. म्हणजे मालक वाईट असतो म्हणूनच जातो असे नाही, चांगलाही जातो. धंदा बसला तर शटर ओढण्याचा हक्क मालकाला आहे, आणि तो नाकारणारा मी कोण?

माझा वाद शटर ओढण्याबद्दल नाही. शटर उघडे असताना काय समजून व्यवहार केला, याबद्दल आहे.

माझीच गोष्ट सांगतो. १९९९ मध्ये मी एका वृद्ध शेठजींचे चालते कापड दुकान घेतले. त्यांची मुले शहरात गेली होती आणि त्यांना दुकान आवरायचे होते. माल मोजला, थान-थान लावून मीटर काढले, फर्निचरची किंमत धरली आणि वर पगडी दिली. पगडी बरीच होती. मी मनात म्हटले, जागा मोक्याची आहे, पाटी जुनी आहे, लोक आपोआप येतील. पाटी मी तशीच ठेवली. पण आत तीन बदल केले. उधारीची लाल वही बंद करून भिंतीवर 'उधार बंद' चा बोर्ड लावला. जुना सेल्समन पगार जास्त घेतो म्हणून त्याला काढून दोन तरुण पोरे ठेवली. आणि पाणी पाजून, गादीवर बसवून तास-तासभर माल दाखवण्याची जी पद्धत होती, ती वेळखाऊ म्हणून मोडली.

आमच्या भागातला शेतकरी कपाशीवर जगतो. कापूस विकला की पैसा. तोवर लग्न असो की ईद, की दिवाळी, सगळे वहीवर. शेठजींनी चाळीस वर्षे हेच केले होते. पहिल्या वर्षी मला वाटले, बुडीत उधारी टळली, छान झाले. दुसऱ्या वर्षी लग्नसराईत बस्ता बांधायला जी घरे पिढ्यान्-पिढ्या या दुकानात यायची ती आली नाहीत. कोणी पैठणला गेली, कोणी शहरात. एका म्हाताऱ्या पाटलांना मी रस्त्यात विचारले, "काका, आमच्याकडे का नाही आलात?" ते म्हणाले, "आलो होतो. पाटी आमच्या ओळखीची होती, आत कोणी ओळखीचे नव्हते." मी त्या जुन्या सेल्समनच्या घरी गेलो. कोणत्या घरात सासूला इरकलीच लागते, कोणाकडे मुलीच्या मामाचा आहेर वेगळा बांधायचा असतो, कोणाचा शब्द कापूस विकेपर्यंत धरायचा आणि कोणाचा नाही, हे सगळे त्या माणसाच्या डोक्यात होते. त्याला परत आणले, वही परत उघडली. तरीही गेलेल्यांपैकी निम्मीच घरे परत आली. मी पगडी ज्या वस्तूची दिली होती ती वस्तू मीच दोन वर्षांत नासवली होती, आणि माझ्या मालाच्या यादीत ती कुठे लिहिलेलीसुद्धा नव्हती.

कायद्याला ही वस्तू ठाऊक आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात धंद्याच्या साखेला, ज्याला आपण गुडविल म्हणतो, मालमत्ता मानले आहे. कलम ५५ प्रमाणे साख विकणारा भागीदार स्वतंत्र धंदा करू शकतो. पण वेगळा करार नसेल तर तो पेढीचे नाव वापरू शकत नाही आणि पेढीच्या जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढू शकत नाही. म्हणजे जुने गिऱ्हाईक ही किमती गोष्ट आहे हे कायद्याने मान्य केले. घेणाऱ्याचे रक्षण केले, विकणाऱ्याला किंमत मिळवून दिली. पण ज्या गिऱ्हाइकाने येऊन-येऊन ती साख बनवली, त्याचे नाव त्या कागदावर कोठेच नाही. दुकानाच्या बाबतीत हे चालून जाते, कारण गिऱ्हाइकाला दुसरे दुकान असते. नवा मालक पटला नाही तर चार पावले पुढे जायचे, आणि मालकाला दोन वर्षांत समजते, जसे मला समजले.

फुटबॉलच्या चाहत्याला दुसरे दुकान नाही. पुण्याचा माणूस चिडून उद्यापासून गोव्याचा चाहता होत नाही. हीच त्याची अडचण आणि हाच मालकाचा फायदा. संघ वाईट चालवला, तिकीट महाग केले, नाव बदलले, तरी तो येतच राहणार हे मालकाला माहीत असते. जे गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही त्याच्याशी मापात पाप करणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत वाईट. केरळ ब्लास्टर्सचे 'मंजप्पडा' हे चाहते मंडळ देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी मालकांच्या कारभाराला कंटाळून तिकिटे घेण्या-विकण्याचे बंद केले. त्यांच्या निषेधाचे हत्यार पाहा: स्वतःच्याच आनंदावर बहिष्कार.

आता हैदराबादेत पुढे काय झाले ते ऐका. नव्या मालकांनी सुरुवात चांगली केली. २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळला पेनल्टीवर हरवून हैदराबादने लीगचा करंडक जिंकला. पण २०२३-२४ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, चांगले खेळाडू मध्यातच निघून गेले, बाहेरून नवे घेण्यास बंदी आली आणि संघ तळाला गेला. २०२४ मध्ये क्लब आणखी नव्या मालकांकडे गेला आणि २०२५ मध्ये त्यांनी तो उचलून दिल्लीला नेला. आता त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. आणि दिल्लीकरांना हे नवे नाही, कारण त्यांचा आधीचा संघ, दिल्ली डायनामोज, २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये भुवनेश्वरला नेऊन ओडिशा एफसी केला गेला होता. म्हणजे एकच परवाना सहा वर्षांत पुण्याहून हैदराबादला आणि हैदराबादहून दिल्लीला. प्रत्येक गावात काही हजार पोरांकडे जुन्या रंगाचे टी-शर्ट कपाटात पडले. पुण्याची पोरे रडली तेव्हा हैदराबादची पोरे नाचत होती. त्यांना दोष देता येत नाही, पण २०२५ मध्ये त्यांना पुण्याची आठवण झाली असेल.

परवाना आणि क्लब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. परवाना कागद आहे, तो विकता येतो. आपल्याकडे जुना दंडक आहे की, जे आपल्या ताब्यात नाही ते विकू नये. पुण्याच्या चाहत्यांची माया मालकाच्या ताब्यात नव्हती, म्हणून ती विकली गेली नाही आणि हैदराबादला पोहोचलीही नाही. पण ती मारली मात्र गेली.

जिथे क्लब मालकापेक्षा जुना आहे तिथे चित्र थोडे निराळे दिसते. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ चा. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल विभागाचे ८० टक्के भाग गोयंका यांच्या समूहाने घेतले आणि त्यांच्या एटीके संघाचे नाव पुढे जोडून 'एटीके मोहन बागान' केले. पैसा आला, चांगले खेळाडू आले. तरी चाहत्यांना ती तीन अक्षरे सहन होईनात. 'रिमूव्ह एटीके' म्हणून त्यांनी फलक धरले, मोर्चे काढले. अखेर २०२३ च्या मार्चमध्ये करंडक जिंकल्याच्या रात्रीच मालकांनी ती अक्षरे काढण्याची घोषणा केली. मी याला मालकाची हार म्हणत नाही. त्यांना उशिरा का होईना कळले की, आपण पगडी कशाची दिली आहे.

त्याच शहरात मोहम्मेडन स्पोर्टिंगची गोष्ट अधिक कडू आहे. आपल्या घरांतल्या बुजुर्गांना हे नाव चांगले माहीत. १८९१ चा क्लब. १९३४ पासून सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली, १९४० मध्ये मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला आणि त्याच वर्षी गोऱ्या पलटणीला हरवून ड्युरँड चषक जिंकणारा पहिला हिंदी संघ ठरला. मध्यंतरी पुष्कळ वाईट दिवस गेले. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून तो वरच्या लीगमध्ये आला, आणि आल्याबरोबर जुने पदाधिकारी, आधीचे गुंतवणूकदार आणि नवे गुंतवणूकदार यांच्यात भागांच्या वाटणीवरून ओढाताण सुरू झाली. खेळाडूंचे पगार थकले आणि पहिल्याच हंगामात संघ तळाला राहिला. येथे दोष केवळ नव्या मालकांचा नाही हे स्पष्ट लिहिले पाहिजे. भाग किती द्यायचे, कधी द्यायचे, अधिकार कोणाकडे, हे पक्के न करता पैसे घेतले की असेच होते. आपल्या बाजारातल्या भागीदाऱ्या याच रोगाने मरतात. "आपसातली बात आहे, लिहायचे काय" म्हणून सुरू होतात आणि वकिलाच्या पायरीवर संपतात.

ज्या मुलखातून हा खेळ आला तेथेही सर्व आलबेल नाही. मँचेस्टर हे नाव कापडवाल्यांना नवे नाही. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. तेथील युनायटेड क्लब २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने घेतला. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग त्यांनी क्लबच्याच डोक्यावर ठेवला. म्हणजे दुकान विकत घ्यायचे आणि त्याचे व्याज त्याच दुकानाच्या गल्ल्यातून भरायचे! चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला, आणि २०१० मध्ये हजारो लोक क्लबचा लाल रंग सोडून त्याच्या जन्मकाळच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर घालून मैदानावर येऊ लागले. लंडनच्या विम्बल्डनची हकीकत तर पुण्याची मोठी बहीणच. २००२ मध्ये त्या क्लबला नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली. चाहत्यांनी काही आठवड्यांत मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवड घेऊन स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला, अगदी खालच्या पायरीपासून खेळत २०११ मध्ये तो मुख्य लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या मोहल्ल्यात नवे मैदान बांधून परत गेले. क्लबची मालकी चाहत्यांच्याच संस्थेकडे आहे.

जर्मनीने हा वाद आधीच ओळखून नियम केला. १९९८ पासून तेथील क्लबांना कंपनी काढता येते, पण मतांचे पन्नास टक्के आणि वर एक मत सभासदांच्या संस्थेकडे राहिले पाहिजे. दोन-तीन जुने अपवाद सोडले तर कोणी शेठ कितीही पैसा ओतो, नाव, रंग आणि गाव त्याच्या एकट्याच्या हाती जात नाही. महाराष्ट्राला हे शिकवायला जर्मनी कशाला पाहिजे? सूतगिरणी, साखर कारखाना, विणकरांची सोसायटी, सगळे आपण सभासदांच्या मालकीवर उभे केले. (त्यातल्या कित्येक संस्था सभासदांना विसरून चेअरमनच्या कशा झाल्या, हा वेगळा लेख होईल.) आणि नाव हातातून गेले की काय होते, हे हिमरूच्या कारागिरांना विचारा. औरंगाबादी हिमरूच्या नावाने यंत्रमागाच्या शाली ढिगाने विकल्या जातात; ज्यांच्या वाडवडिलांनी हातमागावर ते नाव कमावले त्यांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरे उरली.

हे सगळे बिडकीनला बसून मी का लिहितो, त्याला कारण आहे. आमच्या आसपासच्या जमिनी औद्योगिक पट्ट्यात गेल्या. मोठमोठ्या कंपन्यांच्या घोषणा झाल्या, काहींची कामे चालू आहेत. कंपनी आली की तिच्याबरोबर सामाजिक कामाचा निधी येतो, आणि त्यातला थोडा खेळाकडे वळतो. आमच्या वस्तीतल्या पोरांचा एक फुटबॉल संघ आहे. सर्व समाजांची पोरे, बूट अर्ध्यांकडेच. मध्यंतरी एका कंपनीकडून त्यांना विचारणा आली की कपडे, बूट, चेंडू, प्रशिक्षकाचा पगार सगळे देऊ, फक्त संघाचे नाव कंपनीचे ठेवा. पोरे आनंदाने उड्या मारत दुकानात आली, कारण जर्सीचे कापड माझ्याकडून घ्यायचे होते.

मी त्यांना म्हटले, पैसे जरूर घ्या. छातीवर कंपनीचे नाव छापा, पाठीवर छापा, बाहीवर छापा. संघाचे नाव मात्र देऊ नका. आधी अकरा-पंधरा जणांची संस्था नोंदवा. १८६० आणि १९५० च्या कायद्यांखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ते काम होते, कोणताही जाणता कर सल्लागार करून देतो. नाव आणि चिन्ह संस्थेच्या नावावर ट्रेडमार्कमध्ये टाका. कपड्यांचा वर्ग २५, खेळाचा ४१. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे वाढवता येते. कंपनीशी करार दोन-तीन वर्षांचा करा आणि त्यात स्वच्छ लिहा की, कंपनी बाजूला झाली तर एक हंगाम आधी कळवेल, आणि नाव, रंग, मैदान संस्थेकडे राहील. एवढे कलम पुण्यातल्या कागदांत असते तर परवाना गेला असता, पण खालच्या लीगमध्ये खेळणारा का होईना, एफसी पुणे सिटी नावाचा संघ आज बालेवाडीला असता आणि माझा भाचा सुटीच्या दिवशी घरी झोपून राहिला नसता.

कंपनीच्या माणसाने हे ऐकून नाराजी दाखवली नाही, होकारही दिला नाही. वरून विचारून सांगतो म्हणाला. आमच्या बाजारातल्या सहा-सात व्यापाऱ्यांनी तोवर थोडी-थोडी रक्कम काढली आहे. नावावर पोरांचे अजून एकमत नाही; काहींना नुसते 'बिडकीन' हवे, काहींना त्यापुढे काहीतरी इंग्रजी लावायचे आहे. कापड मी मागवून ठेवले, डॉट निट, घाम शोषणारे. रंग नारिंगी. तो कोणी सुचवला असेल हे वाचक बंधूंच्या लक्षात आले असेलच.